कडू ते इंग्रजीत

आमच्या मजल्यावर आयसीयूच्या दाराबाहेर चपलांचा रॅक आहे. आत जाताना चपला काढायच्या, बाहेर आलं की घालायच्या, एवढंच. पण काही माणसं आतून बाहेर येतात तेव्हा त्यांना चपलांचं भान नसतं. तशीच अनवाणी खाली गाडीपर्यंत जातात आणि चपला परत न्यायला कोणी येत नाही. सफाईवाली मावशी अधूनमधून रॅकखालून पोतंभर चपला काढते. आमच्याकडचे किस्सेही असेच साचलेत. ज्याचे आहेत तो सोडून गेला, आणि आमच्याच्यानं टाकवत नाहीत.

तुम्ही म्हणाल, बाई, चहा पिताना दवाखान्यातले किस्से कशाला. तर मग नका ऐकू. मी सांगणारच आहे.

मी या मजल्यावर काउंटरला बसते. नागपुरातलाच एक दवाखाना, सदरच्या अलीकडे, नाव कशाला घ्या. मनीषनगरहून रोज स्कूटीनं येते. माझं काम म्हणजे नातेवाइकांना बसवणं, पास देणं, आणि "आमच्या पेशंटचं काय?" या प्रश्नाला उत्तर न देता उत्तर देणं. मजला चालवतात कुमुदताई, आमच्या इन्चार्ज सिस्टर. आणि डॉक्टर पराग. हा उमरेडकडचा पोरगा. इंटर्न म्हणून आला तेव्हा सुई लावताना पेशंटपेक्षा याचाच हात थरथरायचा. तो हात कुमुदताईंनी धरून धरून सरळ केला. आता तो मोठा डॉक्टर झाला, तरी त्या त्याला अरे-तुरे करतात आणि तो त्यांना ताई म्हणतो.

आमच्या मजल्याचा एक नियम आहे. तो कुठेही लिहिलेला नाही. नवीन माणूस आला की हात धुवायची जागा दाखवतात, तेव्हाच तोही सांगतात.

त्याचं असं झालं. पूर्वी आमच्याकडे एक वयस्कर डॉक्टर होते, सरळ माणूस. एका तरुण पोराच्या घरच्यांना त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, "पोरगा गेला." झालं! काउंटरची काच माझ्या मांडीत आली. डॉक्टरांना त्यांच्याच भल्यासाठी बाथरूममध्ये कोंडावं लागलं.

पुढे काही दिवसांनी पुन्हा तसाच पोरगा, तशीच गर्दी, तेच दणकट काके-मामे. मी पर्स घेऊन आधीच जिन्याजवळ जाऊन उभी राहिले. या वेळी डॉक्टर दुसरे होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, "सॉरी. वी ट्राइड अवर बेस्ट. ही इज नो मोर." मग सगळ्यात मोठ्या मामानं घसा साफ केला आणि विचारलं, "ओके. टायमिंग काय झाला?"

कुमुदताई हे सगळं दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, "मराठीत सांगतलं का माणूस रडते. इंग्रजीत सांगतलं का फोन लावते."

तेव्हापासून नियम झाला. गोड ते मराठीत, कडू ते इंग्रजीत.

*

आता 'सिरीयस' घ्या. आपल्याकडे तब्येत बरी नाही म्हटलं तर कोणी खाटेवरून उठत नाही. लय बिमार आहे म्हटलं तर एखादा फोन येतो. पण सिरीयस म्हटलं की गावातून गाड्या निघतात.

काटोलकडचा एक वसंता नावाचा माणूस आईला घेऊन आला होता. म्हातारीला श्वास घेता येत नव्हता. त्यानं घाबरून सगळ्यांना फोन लावले, आई सिरीयस आहे. संध्याकाळपर्यंत आमचा हॉल भरला. बहिणी रडतच जिना चढल्या. मिहानमध्ये नोकरीला असलेला जावई शिफ्ट सोडून आला. एका चुलत्यानं तर येतानाच नवं लुगडं आणलं होतं, ते पिशवीत लपवून बसला. आणि म्हातारी दुसऱ्या दिवशी उठून चहा मागायला लागली.

कोणाला आनंद व्हायला पाहिजे की नाही? झाला, पण थोडा वेळ. मग सगळे वसंताकडे पाहायला लागले. जावई म्हणाला, "सिरीयस म्हटलं होतं ना तुम्ही?" वसंता बिचारा खाली मान घालून उभा. आई वाचली म्हणून माफी मागायची वेळ आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. निघताना जावई त्याला म्हणाला, पुढच्या खेपेला नीट पाहून सांगा.

पुढची खेप पावसाळ्यात आली. या वेळी वसंता जपून बोलला. फोनवर म्हणाला, "थोडी सिरीयस आहे." मी काउंटरवरून ऐकलं. कोणी आलं नाही. म्हातारी गेली तेव्हा हॉलमध्ये तो एकटा होता, आणि त्यानं मलाच विचारलं की आता काय म्हणून फोन लावू.

*

मी लोकांचं सांगते आहे, पण माझंही काही वेगळं नाही. माझे बाबा घरीच वारले, सकाळी सकाळी. मी फोन घेऊन बसले आणि एकामागून एक सगळ्यांना लावला. "बाबा ऑफ झाले." काकांना, आत्याला, बाबांच्या ऑफिसातल्या मित्रांना, सगळ्यांना तेच. आवाज जराही हलला नाही. जणू काउंटरवरच बसले होते. वहिनी माझ्याकडे टकमका पाहत होती, की ही बाई आहे का काय आहे.

मला तेव्हा मनातून बरंही वाटलं होतं. म्हटलं, इतकी वर्षं दवाखान्यात काढली त्याचा हा फायदा.

मग दाराशी दूधवाला आला. रोजच्यासारखं त्यानं माप बुडवलं. मी पातेलं पुढे केलं आणि म्हणाले, "भाऊ, उद्यापासून अर्धाच लिटर दे." तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, आत पाहिलं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि जे रडायला लागले ते गल्ली गोळा होईपर्यंत.

हे मी कुमुदताईंच्या मिस्टरांना सांगितलं होतं. त्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणायचो. शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. कुमुदताईंचा डबा घेऊन रोज दुपारी यायचे आणि त्या जेवून डबा रिकामा करेपर्यंत काउंटरला टेकून उभे राहायचे. माझ्याकडून मजल्यावरचे किस्से काढून घ्यायचे. माझं ऐकून म्हणाले, "सुनंदा, मी जन्मभर पोराइले इंग्रजी शिकवलं. पण आपल्या लोकाइले ते दोनच ठिकाणी लागते पाहा. लग्नाच्या पत्रिकेत अन् मरणात."

*

'पेशंट' हा शब्द मला कधी गोड वाटेल असं वाटलं नव्हतं. पण एक बाई आली होती कुहीकडची, साठीच्या पुढची. काउंटरवर मी नवऱ्याचं नाव विचारलं तर ती लाजून पदर तोंडाशी धरायला लागली. नाव घ्यायचं नाही, जुनी रीत. नवरा आत ऑक्सिजनवर आणि ही इथे लाजते आहे. शेवटी पुतण्यानं नाव सांगितलं. मी तिला म्हटलं, मावशी, नाव नका घेऊ, नुसतं पेशंट म्हणा.

तिला तो शब्द इतका आवडला म्हणून सांगू! जन्मभर 'हे' आणि 'पोराचे बाप' यावर भागवलं होतं बाईनं. आता तिला हाक मारायला एक शब्द मिळाला. माझ्या पेशंटनं डोळे उघडले का? माझ्या पेशंटले ऊन लागून राहिलं, पडदा लावा ना. चारचौघात ठणकावून म्हणायची.

पेशंट गेले. त्याला इलाज नव्हता. पराग जे म्हणायचं ते इंग्रजीत म्हणाला, पुतण्यानं फोन लावले. पण आमच्याकडे एक फार वाईट सवय होती. श्वास थांबला की क्षणभरात माणसाचा शब्द बदलायचा. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला आणि मला म्हणाला, मॅडम, बॉडी खाली घेऊ का? ती बाई बाकावरून उठली. तोवर ती रडलीही नव्हती. म्हणाली, "बॉडी काय म्हणतं रे? पेशंट होय तो माहा."

वॉर्डबॉयनं मान खाली घातली. कुमुदताईंनी त्याच दिवशी सगळ्यांना बजावलं की गाडी गेटच्या बाहेर पडेपर्यंत पेशंटच म्हणायचं. आम्ही अजून म्हणतो.

*

या सगळ्यांत दुष्ट शब्द मला विचाराल तर 'स्टेबल'. मरणाच्या शब्दांपेक्षा हा वाईट, कारण हा हसतो.

एक माणूस होता, इतवारीत त्याचं दुकान. बायको आत व्हेंटिलेटरवर. परागनं त्याला सांगितलं, क्रिटिकल आहे, बट स्टेबल. त्याचा अर्थ इतकाच की कालच्याइतकंच वाईट आहे. पण माणूस आशेला लागला की शेवटचा शब्द धरून ठेवतो. तो गेला आणि संत्रा बर्फीचा मोठा डबा घेऊन आला. वॉचमनपासून सगळ्यांना वाटली. स्टेबल आहे म्हणे, स्टेबल.

डबा परागपुढे आला. परागनं हात मागे घेतला, म्हणाला मी गोड खात नाही. खोटं. तो पेशंटच्या घरचे पेढे मागून खाणारा पोरगा. कुमुदताईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "खा. त्याच्यासमोर खा."

त्यानं खाल्ली. गिळताना त्याचा चेहरा पाहवत नव्हता. तो दुकानदार मात्र त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला, लहान मूल पाहतं तसा. बायको त्याची तीन-चार दिवसांत गेली. उरलेली बर्फी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. शेवटी मुंग्या लागल्या तेव्हा टाकली.

*

आणि एकदा नियम फसला.

भिवापूरकडचे एक आजोबा होते. पोराचा अपघात झालेला. आजोबा पहिल्यांदाच नागपूरला आलेले नव्हते, पण दवाखान्यात पहिल्यांदाच आले होते, आणि सोबत शेजारी एवढाच. तो नेमका पाणी भरायला खाली गेला होता तेव्हा पराग बाहेर आला. नेहमीसारखा रॅकजवळ उभा राहिला. "सॉरी," म्हणाला.

आजोबांना सॉरी माहीत होतं. बसमध्ये पायावर पाय पडला की पोरं म्हणतात ते. त्यांनी परागचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "असू द्या डाक्टरसाहेब. होते चुकी. आता नीट करा."

पराग उभाच. मी उभी. कुमुदताई दारात होत्या. पुढचं वाक्य मराठीत म्हणावं लागणार होतं, आणि आमच्यापैकी कोणाच्याच तोंडून ते निघेना. आजोबा आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होते, हात तसाच धरून. शेजारी बाटली घेऊन वर आला, आमचे चेहरे पाहिले आणि काय ते समजला. त्यानंच आजोबांना कोपऱ्यात नेऊन सांगितलं.

मग पराग आमच्या चहाच्या खोलीत येऊन बसला. म्हणाला, "ताई, इंग्रजीत पटकन निघून जाते. मराठीत मले ते येतच नाही." कुमुदताई म्हणाल्या, "मी तरी कुठी शिकली? एखाद्या दिवशी शिका लागन बापू."

*

या उन्हाळ्यात मास्तर घरी बाथरूममध्ये पडले. मेंदूत रक्तस्राव. आमच्याच मजल्यावर आणले, दुसरीकडे कुठे नेणार?

कुमुदताई त्यांच्यासोबत लिफ्टमधून आल्या, आयसीयूच्या दारापर्यंत आल्या, आणि तिथून मागे फिरून हॉलमधल्या स्टीलच्या खुर्चीवर बसल्या. मी म्हटलं, ताई, तुम्ही आत या ना, तुम्हाला कोण अडवते? त्या म्हणाल्या, "नाही वं सुनंदा. आता मी बाहेरची." त्यानंतर त्यांनी मॉनिटर पाहिला नाही, केसपेपर मागितला नाही. भेटीच्या वेळी आत जायच्या, मास्तरांचा हात धरायच्या आणि त्यांच्या तोंडाकडेच पाहायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या माणसांचे आकडे पाहिले होते. आपल्या माणसाचे पाहायचं धाडस नव्हतं त्यांच्यात. त्यांना मास्तर परत हवे होते, दुसरं काही नको होतं.

आणि आमच्या सगळ्या मजल्याची जीभ बदलली! कोणी कोणाला सांगितलं नाही. पण कुमुदताईंसमोर एकही इंग्रजी शब्द निघेना. बीपीला रक्तदाब म्हणायला लागले. एका सिस्टरनं व्हेंटिलेटरला श्वासाचं यंत्र म्हटलं. वॉर्डबॉय तर "ताई, मास्तरांना कुशीवर वळवून आलो" असं शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायला लागला. एरवी मी पोट धरून हसले असते.

रोज दुपारी डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात. पराग बाकीच्यांशी रॅकजवळ उभा राहून बोलायचा, आणि शेवटी कुमुदताईंसमोर येऊन उकिडवा बसायचा. "ताई, आज मास्तरनं बोट हलवलं." दुसऱ्या दिवशी, "ताई, ताप उतरला." त्या लगेच पुण्याला मुलीला फोन करायच्या, पराग म्हणते बोट हलवलं म्हणून. चेहरा उजळायचा. रोज मास्तरांचा चष्मा पदरानं पुसून ठेवायच्या. आणि डबा आणायच्या. इतकी वर्षं मास्तरांनी त्यांना आणला, आता त्या मास्तरांसाठी आणायच्या. नळीतून दूध चाललेल्या माणसाला पोळी-भाजी. मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलला नसता.

मी परागला चहाच्या खोलीत गाठलं. खरं काय ते सांग, म्हटलं.

"बोट हलते ते खरं आहे," तो म्हणाला. "पण त्यात काही नाही. मेंदू राहिला नाही आता." मग ताईला का सांगत नाहीस, तर म्हणाला, "कसं सांगू? इंग्रजीत बोललो तर पहिल्याच शब्दाले तिले समजन. तिनंच तर शिकवलं. अन् मराठीत मले येत नाही." एवढा मोठा डॉक्टर, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

त्यामुळे बोट हलत राहिलं. कुमुदताई फोन करत राहिल्या.

मग एके दिवशी दुपारी हॉल गच्च भरला होता. कूलर नुसताच घरघरत होता. कुमुदताई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. आयसीयूचं दार उघडलं, पराग बाहेर आला. तो त्यांच्यासमोर येऊन बसला नाही. चपलांच्या रॅकजवळ उभा राहिला.

"मॅडम," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्यानं त्यांना कधी मॅडम म्हटलं नव्हतं. कुमुदताईंनी डबा शेजारच्या खुर्चीवर ठेवला. हातातला मास्तरांचा चष्मा घडी करून चष्म्याच्या डबीत घातला. मग त्याच्याकडे पाहिलं.

"मराठीत सांग, पराग."

"मॅडम, ॲक्चुअली..."

"मराठीत."

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. हॉलमधले सगळे पाहत होते. मी काउंटरची कड धरून उभी होते. पराग दोन पावलं पुढे आला, खाली उकिडवा बसला, आणि लहान पोरासारखा त्याचा चेहरा वाकडा झाला.

"ताई," तो म्हणाला. "ताई, मास्तर गेले."

कुमुदताईंच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "येते ना तुले."